रोज काढा, पण एकच ठेवा

कॅमेरा नव्यानं हातात घेतलेल्या माणसाला हल्ली पहिला सल्ला मिळतो तो 'रोज एक फोटो काढ' असा. कुणी याला 'प्रोजेक्ट ३६५' म्हणतं, कुणी महिनाभराचं आव्हान घेतं, कुणी नव्या वर्षाचा संकल्प म्हणून एक जानेवारीला मुहूर्त करतं. सल्ला चांगला आहे आणि तो देणाऱ्यांचा हेतूही चांगला असतो. पण तो देताना आणि घेताना सगळा भर 'रोज'वर पडतो. खाडा पडू द्यायचा नाही, मग हात बसेल, नजर तयार होईल, असा त्यामागचा विश्वास असतो. माझ्या मते या आव्हानाचा कस 'एक'मध्ये आहे. फोटो रोज काढणं आज कुणालाच अवघड राहिलेलं नाही. दिवसाअखेरीस त्यांतला एक निवडणं आणि बाकीच्यांवरचा हक्क सोडणं अवघड आहे. नवशिक्यानं हे आव्हान जरूर घ्यावं, पण ते निवडीचं आव्हान म्हणून घ्यावं. नाहीतर वर्षाअखेरीस त्याच्याकडे शेकडो फोटो जमतील आणि नजर मात्र होती तिथेच राहील.

फिल्मच्या काळात 'एकच काढ' असं सांगायची गरज पडत नसे. रोलमध्ये ३६ फोटो. रोल विकत घ्यायचा, धुऊन घ्यायचा, मग प्रिंट काढून घ्यायच्या, आणि प्रत्येक टप्प्यावर पैसे मोजायचे. मध्यमवर्गीय मराठी घरांत एकाच रोलवर गणपती, दिवाळी आणि कुणाचं तरी बारसं निघायचं. बटण दाबण्याआधी माणूस थांबून विचार करायचा, कारण खिसा त्याला थांबायला लावत होता. आता फोनमध्ये दुकानाचं बिल, सोसायटीची नोटीस, पार्किंगमधली गाडीची जागा, ताटातली भाजी आणि मुलाचं हसू एकापाठोपाठ एक साठत जातं. दिवसाला वीस-पंचवीस फोटो सहज निघतात. ज्याच्याकडे 'रोज' आधीच आहे, त्याला 'रोज काढ' म्हणून सांगण्यात फारसं काही हाती लागत नाही. पूर्वी जो संयम खर्चामुळे आपोआप पाळला जायचा, तो आता माणसानं स्वतः होऊन पाळायला हवा, आणि रोजच्या एका फोटोचा नियम त्यासाठीच उपयोगी आहे.

माझ्या म्हणण्याच्या विरोधात एक जोरदार युक्तिवाद आहे आणि तो एका गोष्टीच्या रूपात सांगितला जातो. फ्लोरिडा विद्यापीठात शिकवणारे छायाचित्रकार जेरी युल्समन यांनी म्हणे वर्गाचे दोन गट केले. एका गटाला निव्वळ संख्येवर गुण द्यायचं ठरलं. शंभर फोटो दिले की पहिली श्रेणी, नव्वद दिले की दुसरी. दुसऱ्या गटानं सत्रभरात एकच फोटो द्यायचा, पण तो निर्दोष हवा. सत्र संपलं तेव्हा सगळे उत्तम फोटो संख्येवाल्या गटातून आलेले होते. 'आर्ट अँड फिअर' या पुस्तकात ही गोष्ट कुंभारकामाच्या वर्गाची म्हणून आली, आणि जेम्स क्लिअर यांच्या 'ॲटॉमिक हॅबिट्स'मध्ये ती पुन्हा फोटोग्राफीच्या वर्गात परतली. हा काही काटेकोर मोजमापाचा प्रयोग नव्हे. तरीही तिच्यात तथ्य आहे. पहिल्याच फटक्यात उत्तम करायला बसलेला माणूस बहुधा काहीच करत नाही. त्याचा वेळ कुठली लेन्स घ्यावी या चर्चेत जातो.

पण त्या वर्गातले शंभर फोटो कसे तयार होत असतील, याचा विचार ही गोष्ट सांगणारे सहसा करत नाहीत. ते डार्करूममध्ये तयार होत असणार. आधी फिल्म धुवायची. मग कॉन्टॅक्ट शीटवरच्या नखाएवढ्या चित्रांवर भिंग फिरवून कुठलं मोठं करायचं ते ठरवायचं. निगेटिव्ह एन्लार्जरखाली ठेवायची, कागदावर प्रकाश टाकायचा, ट्रेमध्ये चित्र उमटेपर्यंत उभं राहायचं, जास्त काळं झालं तर वेळ बदलून पुन्हा सुरुवात करायची. स्वतः युल्समन तर अनेक एन्लार्जर वापरून निरनिराळ्या निगेटिव्ह एकाच कागदावर बेमालूम जुळवणारे डार्करूमचे उस्ताद होते. त्या वर्गातल्या शंभर प्रिंट म्हणजे शंभर वेळा घेतलेला निर्णय होता. विद्यार्थी संख्येमुळे शिकले असतील, तर ती संख्या तपासून पाहिलेल्या फोटोंची होती. फोनवर काढलेले आणि पुन्हा न पाहिलेले शंभर फोटो त्यांच्या पंगतीत बसत नाहीत.

निवड बाजूला पडली की काय होतं, याचं सगळ्यांत मोठं उदाहरण एका थोर छायाचित्रकाराचं आहे. गॅरी विनोग्रँड न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर अखंड फोटो काढत असत. १९८४मध्ये, वयाच्या ५६व्या वर्षी ते गेले, तेव्हा त्यांच्यामागे सुमारे २,५०० रोल असे निघाले, जे काढून झाले होते पण धुतलेच नव्हते. ३६ फोटोंचा रोल धरला तर हे नव्वद हजार फोटो होतात. धुतलेले पण नीट न पाहिलेले रोल आणखी वेगळे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९८८मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा हा ढीग दुसऱ्यांना उपसावा लागला. यातली दुसरी बाजूही सांगायला हवी. विनोग्रँड रोल मुद्दाम उशिरा धूत. फोटो काढतानाची भावना विसरली की चित्राकडे चित्र म्हणून पाहता येतं, असं त्यांचं मत होतं, आणि ते बरोबर होतं. काढण्याच्या क्षणी आपण खुशीत असतो आणि ती खुशी फोटोत उतरली आहे असं वाटतं. थोडा काळ गेला की फक्त फोटो उरतो. म्हणून मी नवशिक्याला दोनदा निवडायला सांगेन. एकदा त्याच रात्री, आणि पुन्हा महिनाभरानं. दोन्ही वेळच्या निवडींत जो फरक पडेल, तो त्याला कुठल्याही कार्यशाळेपेक्षा अधिक शिकवेल. उशीर हा निवडीचा भाग होऊ शकतो, पण तो कायमचा झाला तर निवड होतच नाही.

दुसऱ्या टोकाला जिम ब्रँडेनबर्ग आहेत. नॅशनल जिओग्राफिकसाठी वर्षानुवर्षं काम केलेल्या या छायाचित्रकारानं १९९४च्या शरद संपातापासून हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसापर्यंत, असे ९० दिवस, उत्तर मिनेसोटाच्या जंगलात दिवसाला फक्त एकदा शटर दाबायचं असं व्रत घेतलं. दुसरा प्रयत्न नाही, खबरदारीचा जादा फोटो नाही. नॅशनल जिओग्राफिकनं १९९७मध्ये ही मालिका छापली. तिच्यात संपूर्ण दिवस एका क्षणावर पणाला लावलेला आहे. पण हे व्रत नवशिक्यानं जसंच्या तसं उचलू नये. ब्रँडेनबर्ग यांच्या हाताशी काही दशकांचा अनुभव होता, त्यामुळे प्रकाश मोजणं आणि फोकस साधणं यांत त्यांचं मन अडकत नव्हतं. ज्याला अजून शटर स्पीड बदलला की काय होतं तेच पाहायचं आहे, त्याला एकदाच दाबायला सांगणं अन्यायाचं होईल. त्यानं दहा वेळा दाबावं, जवळ जावं, गुडघ्यावर बसावं, उजेडाच्या दुसऱ्या बाजूला जावं. मात्र ते दहाही फोटो एकाच गोष्टीचे असावेत आणि रात्री त्यांतला एकच उरावा.

आणि त्या एकाखाली वहीत एक वाक्य लिहावं, हाच का निवडला म्हणून. हे वाक्य मी आव्हानाचा निम्मा भाग मानतो. 'छान आलाय' एवढंच लिहून भागत नाही, हे पहिल्या आठवड्यातच कळतं. मग माणूस कारण शोधू लागतो. आजीच्या हातावर खिडकीतला उजेड तिरपा पडल्यामुळे शिरा दिसल्या. मागची लाल बादली चौकटीबाहेर गेली आणि चेहरा मोकळा झाला. मूल हललं, पण हललेल्या हातामुळेच ते खेळतंय हे कळलं. अशी वाक्यं लिहिता लिहिता आपल्याला काय भावतं त्याचा पत्ता लागतो. समर्थ रामदासांनी रोज काहीतरी लिहावं आणि वाचावं असं दोन्ही सांगितलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. काढणं हे लिहिण्यासारखं असेल तर निवडणं हे वाचणं आहे, आणि आपण फोटोंच्या बाबतीत फक्त लिहीत सुटलो आहोत.

अशा निवडीनं तंत्र मागे पडेल, नुसती रसिकता वाढेल, अशी शंका कुणी घेईल. अनुभव उलटा येतो. तंत्राचे प्रश्न निवडताना आपोआप पुढे येतात आणि त्यांची उत्तरं मग डोक्यात पक्की बसतात. वारीचं उदाहरण घेऊ. आषाढातलं ढगाळ आभाळ, समोर पांढऱ्या सदऱ्या-धोतरातले वारकरी. घरी येऊन पाहावं तर सगळे पांढरे कपडे मळकट करडे आलेले. दुसऱ्या दिवशी एखाद्या जुन्या देवळात काळ्या पाषाणाचा खांब टिपावा, तर तो धुरकट, फिकट. दोन्हीकडे कॅमेऱ्यानं एकच गोष्ट केलेली असते. त्याचा प्रकाशमापक समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. त्यामुळे पांढरं असलं की तो प्रकाश कमी घेतो आणि काळं असलं की जास्त. पांढऱ्यासाठी एक्स्पोजर एक पायरी वर न्यायचं आणि काळ्यासाठी खाली, हा नियम पुस्तकात एका ओळीचा आहे. ती ओळ नुसती वाचलेला माणूस विसरतो. पण दहा करड्या सदऱ्यांतून एकही निवडावासा न वाटलेला माणूस ती जन्मभर विसरत नाही.

घरातल्या रात्रीच्या उजेडाचंही तसंच. नोकरी करणाऱ्या बहुतेकांना दिवसाउजेडी फोटो काढायला सवडच मिळत नाही. डिसेंबरात मुंबईत संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे कचेरीतून निघेपर्यंत अंधार. मग फोटो निघतात ते ट्यूबलाइटखाली, एलईडीखाली, लोकलच्या डब्यात, किराणा दुकानाच्या पिवळ्या बल्बसमोर. नवशिक्याला पहिल्यांदा आडवे काळे पट्टे दिसतात आणि कॅमेरा बिघडला असं वाटतं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, त्यामुळे जुन्या ट्यूबा आणि बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. शटर फार वेगवान ठेवलं तर ते चढउतार फोटोत उमटतात. ते एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंदावर आणलं की पट्टे जातात. रोजच्या जगण्यातून उगवलेला असा प्रश्न आपल्या मालकीचा असतो, म्हणून त्याचं उत्तरही आपलं होतं.

निवडीचं तत्त्व पुढे नेलं की दुसरी शिफारस आपोआप येते. फोटो एक, तसा विषयही एक असावा, निदान महिनाभर तरी. सध्याच्या आव्हानांबरोबर विषयांच्या तयार याद्या मिळतात. आज 'लाल', उद्या 'सावली', परवा 'पाणी'. या याद्यांनी सुरुवातीची भीती जाते हे खरं. पण रोज नवा शब्द घेऊन बाहेर पडणारा माणूस त्या शब्दाचा पुरावा शोधत फिरतो. लाल छत्री सापडली की फोटो काढतो आणि त्या दिवसाचं पाहणं संपतं. छत्री धरणारी बाई, तिच्या पायाखालचं पाणी, मागचा बंद गाळा यांच्याकडे पाहायचं त्याला कारणच उरत नाही. यादी हवीच असेल तर महिनाभर एकच शब्द घ्यावा. सावली घेतली तर तीस दिवस सावलीच. पाच-सहा दिवसांत ठरावीक सावल्या संपतात, कंटाळा येतो, आणि खरं पाहणं त्या कंटाळ्यापलीकडे सुरू होतं.

या बाबतीत आपल्याकडे एक थोर दाखला आहे. दादासाहेब फाळक्यांनी बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफीचं शिक्षण घेतलं होतं आणि गोध्र्यात स्टुडिओही चालवला होता. १९१२मध्ये ते लंडनहून चित्रपटाचा कॅमेरा घेऊन मुंबईला आले, तेव्हा त्यांना स्वतःला आणि पैसे देऊ शकणाऱ्यांना या यंत्राची ताकद दाखवायची होती. त्यांनी काय निवडलं? कुंडीत लावलेला एक वाटाणा. कॅमेरा त्याच्यासमोर ठेवून महिनाभराहून अधिक काळ ते रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले आणि बीजाचा वेल होताना दाखवणारा 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट तयार झाला. तो पाहून त्यांना भांडवल मिळालं आणि १९१३मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. मुंबईसारखं शहर बाहेर पसरलेलं असताना त्यांनी घरातली कुंडी निवडली, कारण त्यांना जे दाखवायचं होतं ते काळाचं काम होतं. काळ दिसायचा तर बाकी सगळं स्थिर ठेवावं लागतं.

प्रागचे योसेफ सुदेक यांचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. एका हातानं जड कॅमेरे वागवत त्यांनी जन्मभर काम केलं. १९४०पासून १९५४पर्यंत ते आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढत राहिले. सुरुवातीची वर्षं नाझी अंमलाची होती आणि बाहेर मोकळेपणानं फोटो काढणं धोक्याचं होतं. तीच काच, काचेवरचं दव किंवा बर्फाची नक्षी, पलीकडच्या अंगणातलं वाकडं झाड. विषय बदलत नव्हता आणि म्हणूनच प्रत्येक फोटोत हवेचा, ओलाव्याचा, उजेडाचा फरक मोठा होऊन दिसतो. नवशिक्याला वाटतं, आपल्याकडे विषय नाही, कुठेतरी जायला हवं. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून मान मिळवलेल्या होमाई व्यारावाला यांच्या सुरुवातीच्या फोटोंतही जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या त्यांच्या सोबतिणी आणि मुंबईचं रोजचं जगणं आहे. विषय त्यांच्या वर्गातच होता.

आपल्या घरातली पूर्वेची एखादी खिडकी वर्षभर घेऊन पाहावी. जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो, डिसेंबरात बराच दक्षिणेला. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर या दोन टोकांत सुमारे ५० अंशांचं अंतर पडतं. त्यामुळे भिंतीवर पडणारा उन्हाचा पट्टा कपाटापासून देव्हाऱ्यापर्यंत सरकत जातो आणि परत येतो. उत्तरायण आणि दक्षिणायन हे शब्द आपण संक्रांतीला ऐकतो. ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिसू शकतात, हे रोज तिथेच कॅमेरा धरणाऱ्यालाच कळेल. जूनच्या मध्यावर पाऊस आला की सावल्या मऊ होतात, श्रावणात क्षणाक्षणाला उजेड बदलतो, ऑक्टोबरात धुतलेल्या हवेतून कडक ऊन येतं, आणि मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होते.

हे सांगण्याचं आणखी एक कारण आहे. फोटोग्राफीची जी पुस्तकं आणि धडे नवशिक्याला मिळतात, त्यांतले बहुतेक युरोप-अमेरिकेच्या उजेडावर बेतलेले असतात. सूर्यास्ताआधीच्या सोनेरी तासाची त्यांत फार महती असते. उत्तरेकडे सूर्य तिरका, रेंगाळत मावळतो, त्यामुळे तो उजेड बराच वेळ टिकतो. आपल्याकडे सूर्य चटकन खाली जातो आणि संधिप्रकाश लवकर संपतो. ज्यानं तो धडा मनावर घेतला, तो संध्याकाळच्या अर्ध्या तासासाठी थांबतो आणि दिवसाचे बाकीचे तास निकामी समजतो. पण आपली दुपार हीच आपली खरी परीक्षा आहे. डोक्यावरच्या उन्हात माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, म्हणून त्याला ओटीवर, पत्र्याच्या पडवीत, झाडाखाली घ्यायचं, जिथे समोरच्या तापलेल्या जमिनीवरून परतलेला उजेड चेहऱ्यावर येतो. हे कुणी शिकवत नाही. ते रोज दुपारी पाहून आणि रात्री निवडून शिकावं लागतं.

या आव्हानातल्या एका धोक्याबद्दल मला कळकळीनं बोलायचं आहे. रोजचा फोटो पुरा करायचाच असला की संध्याकाळी मन सोप्या शिकारीकडे वळतं. सिग्नलवरचं फुगे विकणारं मूल, देवळाबाहेर बसलेला सुरकुतलेला म्हातारा, नाक्यावर कामाची वाट पाहणारे मजूर. हे चेहरे फोटोत नेहमी 'चांगले येतात', आणि ते नाही म्हणू शकत नाहीत म्हणून काढणाऱ्याला संकोच वाटत नाही. कोटा भरण्यासाठी माणसांचा असा वापर मला अयोग्य वाटतो. गरिबांचे फोटो काढूच नयेत असं माझं म्हणणं नाही. पण ज्याचा फोटो काढायचा त्याच्याशी आधी बोलावं, काढलेला त्याला दाखवावा, जमल्यास प्रिंट नेऊन द्यावी आणि तो नको म्हणाला तर कॅमेरा खाली घ्यावा. एकच विषय घेऊन बसण्याचा इथेही उपयोग होतो. त्याच भाजीवाल्या मावशींकडे महिनाभर रोज जाणारा माणूस त्यांच्या ओळखीचा होतो. पहिल्या दिवशी त्या कॅमेऱ्याकडे बघतील, दहाव्या दिवशी त्याला विसरून पालेभाजीची जुडी बांधतील. चोरून घेतलेल्या फोटोपेक्षा हा फोटो चांगला असतो, आणि सरळ मार्गानं मिळालेला असतो.

एक भेदही नीट लक्षात घ्यायला हवा. जेमी लिव्हिंगस्टन या अमेरिकन तरुणानं ३१ मार्च १९७९ला पोलरॉइड कॅमेऱ्यानं रोज एक फोटो काढायला सुरुवात केली आणि २५ ऑक्टोबर १९९७ला, आपल्या ४१व्या वाढदिवशी, मृत्यू येईपर्यंत तो काढत राहिला. सहा हजारांहून अधिक फोटो झाले. पुढे मित्रांनी त्यांचं प्रदर्शन भरवलं. त्यांत जेवणं आहेत, मित्र आहेत, रिकाम्या खोल्या आहेत, शेवटी इस्पितळ आहे. सुटे पाहिले तर कित्येक फोटो साधे आहेत, एकत्र पाहिले तर गळा दाटतो. ही दैनंदिनी होती. तिचा हेतू आयुष्य जपण्याचा होता. मी ज्याबद्दल बोलतोय तो अभ्यास आहे आणि त्याचा हेतू नजर घडवण्याचा आहे. दैनंदिनीत कालचा दिवस टाकून देता येत नाही. अभ्यासात कालचा फोटो फसला असं म्हणता आलंच पाहिजे. नवशिक्यानं सुरुवातीलाच ठरवावं की आपण यांपैकी काय करतोय. बरेच जण अभ्यास म्हणून सुरू करतात, मग फोटोंचा लळा लागतो आणि एकही टाकवत नाही. दोन्ही करायचं असेल तर दोन वेगळी खाती ठेवावीत.

खाडा पडला तर? बहुतेक जण तिथेच हरतात. एक दिवस चुकला की सगळं मोडलं असं वाटून आव्हानच सोडून देतात. तेहचिंग शिए या तैवानी कलावंतानं ११ एप्रिल १९८०पासून वर्षभर, न्यूयॉर्कमध्ये, दर तासाला कारखान्यातल्यासारखं घड्याळावर कार्ड टोचलं आणि दर वेळी स्वतःचं एक चित्र फिल्मवर टिपलं. वर्षाचे ८,७६० तास. त्यांतले १३३ चुकले. त्यानं ते लपवले नाहीत. झोप लागली, उशीर झाला, लवकर टोचलं, अशी कारणांसह नोंद ठेवली आणि ती नोंद कलाकृतीचाच भाग झाली. त्या १३३ चुकांमुळे उरलेल्या तासांची किंमत कळते. नवशिक्याच्या वहीतही चुकलेला दिवस कोरा राहावा, त्यावर तारीख आणि कारण असावं. दुसऱ्या दिवशी दोन फोटो काढून हिशेब जुळवू नये. ज्याचा भर 'रोज'वर आहे त्याला खाडा म्हणजे पराभव वाटतो. ज्याचा भर निवडीवर आहे त्याला कालच्या खाड्यामुळे आजची निवड सोपी होत नाही आणि अवघडही होत नाही.

रोजच्या फोटोला लोक रियाज म्हणतात. तुलना मला मान्य आहे, पण ती अर्धवट करू नये. रियाजाला बसणाऱ्या गायकाचा सूर लागला की नाही हे सांगणारा कान समोर असतो. सुरुवातीची वर्षं तो गुरूचा असतो आणि हळूहळू शिष्याच्या आत तयार होतो. तो कान नसेल तर माणूस चुकीचा सूरच रोज पक्का करत जाईल. फोटोच्या बाबतीत नवशिका ते काम लाइक्सवर सोपवतो. लाइक्स मात्र ओळखीच्या चेहऱ्याला, सूर्यास्ताला आणि कुत्र्याच्या पिल्लाला मिळतात. निवडीचं कारण त्यांतून कळत नाही. तेव्हा रोजचा फोटो रोज जगाला दाखवू नये. आठवड्याचे सात फोटो छापून किंवा मोठ्या पडद्यावर एका जाणत्या माणसासमोर ठेवावेत आणि फक्त एवढंच विचारावं, की यांतला कुठला ठेवाल आणि का. तो जाणता माणूस छायाचित्रकारच हवा असं नाही. चित्रकार चालेल, शिंपीकाम करणारी मावशी चालेल, जिला कापड आणि उजेड कळतो. तिचं उत्तर आपल्या वहीतल्या वाक्याशी ताडून पाहावं.

वर्षाअखेरीस मोठी निवड करावी. दर महिन्यातून एक, म्हणजे बारा फोटो. त्यांच्या चांगल्या कागदावर प्रिंट काढाव्यात. फोटोच्या दुकानात त्यासाठी येणारा खर्च एखाद्या नव्या लेन्सच्या मानानं नगण्य असतो आणि शिकवतो मात्र लेन्सपेक्षा जास्त. बारा प्रिंट जमिनीवर मांडल्या की आपण काय पाहतो आणि काय टाळतो ते दिसतं. कुणाला कळेल की आपण माणसांना नेहमी पाठीमागूनच टिपतो. कुणाला कळेल की घरातले सगळे आले, पण स्वयंपाक करणारी एकदाही आली नाही. हे कळल्यावर पुढच्या वर्षीचा विषय शोधावा लागत नाही.

आपण इतके फोटो काढणारी पहिली पिढी आहोत, आणि आपल्या मुलांच्या हाती आपण न निवडलेल्या फोटोंचे ढीग ठेवून जाणार आहोत. त्यांतून आपलं आयुष्य शोधून काढणं त्यांना शक्य होणार नाही. ज्यानं एक वर्ष रोज निवड करायची सवय लावली, त्याला निदान एवढं येईल की हजारांतून आपला कुठला हे तो ठामपणे सांगू शकेल आणि त्याचं कारणही देऊ शकेल. फोटोग्राफी शिकणं म्हणजे मला तरी एवढंच वाटतं, आणि नवशिक्याला ते पहिल्या दिवसापासून करता येतं.